पांढरीच्या पोटची काळी पिल्ले

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पशुवैद्यकीय दवाखाना, मौजे शिरटेक,
ता. जामखेड, जि. अहिल्यानगर.

विषय : माझ्या सासूबाईंना कोंबडीचोर ठरवणारे आपले वाक्य खोडून तसे चावडीवर जाहीर करणेबाबत.
संदर्भ : तंटामुक्ती समितीस आपण दिलेला माहे जानेवारीचा अभिप्राय.

महोदय,

अर्ज करण्यास कारण की, मी व माझे पती गेल्या हंगामात ऊसतोडणीला गेलो असता घरी सासूबाई झुंबरबाई एकट्याच होत्या. त्यांची पांढरी कोंबडी खुडूक झाली, म्हणून त्यांनी तिचीच अंडी तिच्याखाली बसवली. पिल्ले निघाली ती झाडून सगळी काळी. शेजारी बिभीषण गीते यांच्या कोंबड्या काळ्या. त्यांनी आमच्या दारात येऊन, "म्हातारे, पांढरीच्या पोटी काळं कवा जन्मलंय? माजी अंडी उचलून बसवलीस तू," असा गलका केला. समितीने आपणास जाणकार समजून बोलावले. ती समितीची चूक.

आपण लिहिलेत, "पांढऱ्या कोंबडीस काळी पिल्ले होणे अशक्य, सबब अंडी चोरीची." आपल्या त्या 'सबब'वर पिल्ले बिभीषणच्या खुराड्यात गेली. सासूबाई सांगत होत्या, "सायेब, त्याचा कोंबडा रोज भितीवरून आमच्यात येतूया." ते आपण लिहून घेतले नाही. उलट दुपारी बिभीषणकडेच जेवलात. ताटात तोच कोंबडा होता, असे वाढणाऱ्या छबूबाई, म्हणजे बिभीषणच्या पत्नी, स्वतः सांगतात. ज्याची चौकशी करायची त्याचाच रस्सा ओरपणारे अधिकारी मी प्रथमच ऐकले.

आता आपल्याच खात्याचे शास्त्र, जे आपण परीक्षेपुरते वाचले असावे. पिल्लू रंगाचा एक वाटा आईकडून घेते, एक बापाकडून. आमच्या कोंबडीचा पांढरा रंग दबणारा, काळा दाबणारा. म्हणून काळ्या कोंबड्यापासून तिला झालेली पिल्ले काळीच दिसणार. पण आईचा पांढरा वाटा त्यांच्यात दडून राहतो. अशी दोन काळी एकत्र आली की पुढच्या पिढीत एखादे पांढरे निघते. कोंबडी खोटे बोलत नाही, तिला अभिप्रायही लिहावा लागत नाही.

महोदय, तसेच घडले आहे. जप्त केलेली पिल्ले मोठी होऊन आपसांत वाढली. गेल्या महिन्यात बिभीषणच्या खुराड्यात त्यांची पिल्ले निघाली आणि पिसे फुटताच त्यांतली दोन पांढरीशुभ्र झाली. आमची पांढरी तर सासूबाईंनी निकालाच्या आठवड्यातच खर्ड्याच्या बाजारात विकली होती, तिच्याकडे बघवेना म्हणून. बिभीषणकडे दुसरी पांढरी कोंबडी नाही. तेव्हा आपल्या नियमाने काळ्यांना पांढरी होणे अशक्य, सबब बिभीषणने अंडी चोरली! त्यांच्यावर कारवाई करा. ती करवत नसेल तर आपले वाक्य खोटे आहे हे कबूल करा. तिसरी वाट मी ठेवलेली नाही. बिभीषण आता भिंतीआडून म्हणतात, "जाऊ द्या वहिनी, पिल्लं न्या तुमची." पिल्ले मला नकोत.

सासूबाई जानेवारीपासून बचत गटाच्या बैठकीला जात नाहीत. कुणाच्या दारात ताकालाही जात नाहीत. मळ्यातल्या लांबच्या विहिरीवरून पाणी आणतात, कारण गावच्या नळावर पोरे कोंबड्यासारखी आरवतात. ज्या बाईने परक्याची शेणीसुद्धा उचलली नाही, तिची आपण ही गत केलीत. मला आपला संताप येतो आणि तो मी अर्जाच्या भाषेत झाकणार नाही. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा तोडणीला जाणार. सासूबाई पुन्हा एकट्या राहणार.

तरी त्यापूर्वी आपण स्वतः चावडीवर उभे राहून, आपली चूक झाली असे वाचून दाखवावे. मोठ्याने वाचावे, कारण सासूबाईंना ऐकू कमी येते. 'कोंबडीचोर' मात्र त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेले होते.

आजवर नम्र असलेली,
सौ. सुरेखा गोरक्षनाथ जायभाय
मौजे शिरटेक, दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) आपल्या अभिप्रायाची झेरॉक्स.
२) एक पांढरे पीस, बिभीषण गीते यांच्या खुराड्यातले. (चोरलेले नाही. वाऱ्याने आमच्या अंगणात आले.)