ठणठणीत घड्याळ

मी, गल्लीत 'सायकलवाली काकू' म्हणून ओळखली जाणारी, वय अठ्ठावन्न, धंदा शाळेचे गणवेश शिवणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीवर आणि सकाळची धाव संपवून लिहीत आहे. नाडी मिनिटाला बावन्न. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला, पण "या वयात पुन्हा?" असे विचारून दिला. तीन आठवड्यांनी माझी आठवी शर्यत आहे: जवळजवळ चार किलोमीटर पोहणे, मग एकशे ऐंशी सायकल, मग बेचाळीस धावणे, सगळे सतरा तासांच्या आत. म्हणून आधी निरवानिरव.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पतीला, त्यांच्या पश्चात मुलीला. बुटांचे कपाट रिकामे करताना नाक धरावे.

२. शिलाई यंत्र मुलीला. तिला शिवता येत नाही. शिकेल. मी बेचाळिसाव्या वर्षी पाण्यात तोंड घालायला शिकले, त्यालाच तीन महिने लागले. पोहायला शिकवणारे सर रोज म्हणायचे, "ताई, पाणी चावत नाही हो." त्या सरांना माझा पोहण्याचा रबरी पोशाख. गुडघ्यावर ठिगळ आहे, पण टाका माझा आहे, उसवणार नाही. सरांना तो बसणारही नाही.

३. पहिल्या शर्यतीआधी "पोरीचं लग्न बघायचं सोडून अर्ध्या चड्डीत हुंदडतेय" असे चारचौघांत बोललेल्या नणंदबाईंना माझ्या पायाची गळून पडलेली सहा नखे, डबीसह. वहिनीची आठवण आली की उघडून बघावीत.

४. हातातले स्टॉपवॉच पतीला. या कलमाला जरा जागा लागेल.

चार वर्षांपूर्वीच्या शर्यतीत शेवटचे दोन किलोमीटर उरले होते. हे नेहमीप्रमाणे वळणावर केळे आणि हे घड्याळ घेऊन उभे. मी विचारले, "किती वेळ राहिला?" हे म्हणाले, "अर्धा तास आहे अजून. चाल निवांत." मी चालले. पोचले तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या कमानीखालचा गालिचा गुंडाळत होते. मुदत संपून नऊ मिनिटे झाली होती. सात शर्यतींपैकी तेवढी एकच अपुरी राहिली.

"घड्याळ बंद पडलं गं," हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी ते दुरुस्तीला नेले. घड्याळवाले काका म्हणाले, "याला काय धाड भरलीये? ठणठणीत आहे."

हे मी घरात आजवर बोलले नाही. रोज पहाटे मी उठायच्या आत ह्यांनी पाणी तापवलेले असते. बोलायला जीभ रेटली नाही.

अहो, तुम्ही खोटे का बोललात ते मला कळते. त्या वळणावर मी विजेच्या खांबाला "सासूबाई, जरा सरका" म्हणाले होते. ओठ निळे पडले होते. तुमची पाचावर धारण बसली. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. नाही, नसते केले. मला फार राग आला होता आणि अजून आहे. तुम्ही वळणावर नसता तर मी एकही शर्यत पुरी केली नसती, हेही खरे.

५. सायकल पतीला, एका अटीवर. यंदा त्याच वळणावर उभे राहावे आणि विचारले की खरी वेळ सांगावी. दोन मिनिटे असतील तर दोन. पडले तर खुशाल उचलायला या, पण आधी वेळ सांगा. अट मोडल्यास सायकल नणंदबाईंना जाईल.

सही: सायकलवाली काकू

साक्षीदार:
घड्याळवाले काका
डॉक्टर (शंका कायम ठेवून)
ज्यांना काही मिळणार ते साक्षीला चालत नाहीत, म्हणून सर दाराबाहेर थांबले.

ठिकाण: शिलाईचे टेबल
दिनांक: रविवार, शर्यतीला एकवीस दिवस

ता. क. हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतरच वाचायचे आहे. तोवर ते सुरक्षित राहावे म्हणून ह्यांच्या चष्म्याखाली ठेवले आहे, उघडेच.