कमानीवरचं डांबर

३ मार्च
आज कमल गिरणीत आली. दोन वर्षांपूर्वी गाव अन् वस्तीत मारामारी झाली, तेव्हापासून पहिल्यांदाच. डोक्यावर ज्वारीचा डबा. आत येईना, दारातच उभी. मी पट्टा थांबवला. शेवटी तीच म्हणाली, "आमचं दयन घेतं का?"
"तुह्यासाठीच तं चालू ठेवली गिरणी."
खोटंच. पण तोंडातून तेच निघालं.
दोन वर्षं बौद्धवस्तीतल्या बायका दळणासाठी पार किन्हीराजाला जातात. कमल अन् मी एका वर्गात शिकलो, एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो, तरी तीही जायची. पीठ गरम होतं. तिनं त्यात हात घातला अन् रडायला लागली. मग मीही. गिरणीत डोळे तसेही लाल असतात, कोणी काही विचारलं नाही.

८ मार्च
शाळेत बैठक. गाव अन् वस्ती एका सतरंजीवर. समेटाच्या समितीत बाया दोनच, मी अन् कमल. ठरलं ते असं: मारामारीच्या दोन्हीकडच्या केसेस कोर्टात लिहून देऊन मिटवायच्या. अन् यंदा जयंतीची मिरवणूक मारुतीच्या देवळासमोरून, मोठ्या रस्त्यानं जाणार. रस्ता सगळ्या गावाचा आहे, असं सरपंच स्वतःच्या तोंडानं बोलले. एवढं साधं वाक्य. त्याच्यासाठी डोकी फुटली, अन्
जाऊ दे.
कमलच्या संदेशला भरतीत ती केस आडवी येते. मिटली तर पोराचा रस्ता मोकळा.
माझा दीर भास्कर मागं बसला होता. मध्येच उठून गेला.

९ मार्च
भास्कर धड जेवला नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा हा माझ्या कमरेएवढा. सासूबाई लवकर गेल्या, न्हाऊमाखू मीच घातलं. नात्यानं दीर, बाकी लेकरूच. आता केस पिकायला आले तरी मला तो तसाच दिसतो. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.
मारामारीत दगड लागला तेव्हापासून डाव्या कानानं ऐकू येत नाही त्याला.
आज म्हणाला, "समेट तुमी केला वयनी. माह्या कानाचं कोनी इचारलं?"
खरंच कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

१७ मार्च
तालुक्याहून जीप आली. तीच मंडळी. मारामारीच्या आदल्या दिवशीही हीच आली होती. त्यांचा म्होरक्या, पोट्टे ज्याला 'दादा' म्हणतात, आमच्याच ओट्यावर बसला. मला काकू म्हणतो, पाया पडतो. भास्करच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "याचा कान गेला अन् गाव सतरंज्या टाकून राह्यलं."
भास्करचे डोळे भरले. आमच्यापैकी कोणीच जे बोललं नाही ते हा परका माणूस बोलला. म्हणूनच पोट्टे त्याच्या मागं जातात.
मी म्हटलं, "अकोल्याच्या दवाखान्यात याच्यासंगं कोन होतं? तू होता का?"
हसला. चहा न पिताच उठला.
संध्याकाळी कमल सांगत होती, तिच्याकडंही वाशीमचा कोणी येऊन गेला. केस मिटवली तर समाजाशी गद्दारी, म्हणे. "दोन्हीकून ओढून राह्यले माय. आपून मंधात."

२९ मार्च
सकाळी पाहतात तर वस्तीच्या कमानीवर डांबर. नाव सगळं काळं.
मी गिरणी तशीच टाकून धावले. संदेश अन् त्याचे सोबती काठ्या घेऊन गावाकडं निघालेले. कमल कमानीखाली भर रस्त्यात बसलेली. "जाचं तं माह्या अंगावरून जा. त्याईले हेच पाह्यजे!" संदेश जागीच थांबला. मी कमलच्या बाजूला जाऊन बसले. मग सरपंचांची बायको आली, तीही बसली. मग वस्तीतल्या बाया, मग आमच्या गल्लीतल्या. कोणी ठरवलं नव्हतं.
गावात अजून धड बातमी नव्हती अन् तालुक्याची जीप मात्र फाट्यावर येऊन उभी. त्यांना कसं कळलं?
पोलीस आले, पंचनामा झाला. संदेशनं तक्रार दिली. हे पोटात घालायचं नाही, असं मीच म्हटलं. समेट म्हणजे गप्प बसणं नाही. मग सरपंचांनी ट्रॅक्टरमधलं डिझेल दिलं. कमल अन् मी एका बाजेवर चढून चिंध्यांनी घासत होतो, संदेश खालून बाज धरून. नाव निघालं. जरा भुरकट झालं, पण वाचता येतं.
उतरताना कमलनं माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही. हातांचा वास अजून जात नाही.

३० मार्च
भास्करला विचारलं. उजव्या बाजूला बसून, ऐकू यावं म्हणून.
"तू होता का?"
"नाई."
"मंग कोन?"
भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "मी हात लावला नाई वयनी. पन लावनार हायेत हे मले माहीत होतं."
ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. लहानपणी ताप आला की फिरवायची तसा पाठीवर हात फिरवला. म्हटलं, "पोलिसाले सांगजो."
"मले गद्दार म्हनतीन."
"म्हनतीन."
उठून गेला. ताट तसंच.

२ एप्रिल
कमलला सगळं सांगितलं. तिच्यापासून लपवून कसला समेट. वाटलं, आता ही पुन्हा गिरणीची पायरी चढणार नाही. पण ती म्हणाली, "त्याले माह्या घरी धाडजो. भांडाले नाई."
भास्करला निरोप दिला.

६ एप्रिल
भास्कर न सांगता घराबाहेर पडला. मला वाटलं, गेला तालुक्याला, त्या लोकांकडं. दिवसभर जीव टांगणीला. दळणं मागंपुढं झाली, कोणाचा गहू कोणाच्या डब्यात.
संध्याकाळी कमल आली. भास्कर तिच्या अंगणात बसला होता म्हणे.
"काय बोलला?"
"तो काय बोलते! मीच बोलली. म्हटलं, तुह्या कानाचं लय वाईट वाटते बाबू. तवाच सांगाले पाह्यजे होतं, पन आमच्या घरीबी डोकं फुटलं होतं. तं लेकरावानी रडला."
मग संदेश घरातून बाहेर आला. दोघं एकमेकांकडं बघेनात. शेवटी संदेशनंच मोटरसायकल काढली अन् त्याला ठाण्यात नेलं. भास्करनं नावं दिली.
मी देवापाशी दिवा लावला. कमल तिथंच उभी होती. म्हणाली, "माह्याबी वाट्याचा लाव."

१५ एप्रिल
काल मिरवणूक झाली. मोठ्या रस्त्यानं, देवळासमोरून. डांबरवाल्या दोघांना आधीच उचललं होतं, अन् फाट्यावर पोलीस. आमच्या गल्लीनं सरबत ठेवलं. कमल पांढऱ्या साडीत, लेझीम खेळली! या वयात. मला ओढलं, मी दोन पावलं टाकली अन् पळाले.
देवळासमोर काहीच झालं नाही. वाजतगाजत पुढं गेली.
भास्कर खिडकीत होता. बाहेर आला नाही.

१९ एप्रिल
दादा मोकळाच आहे. त्यानं स्वतः काही केलंच नाही ना. करायला लावलं.
भास्करच्या फोनवर घाण घाण मेसेज. विकला गेला, असं. शेलूबाजारात जुन्या दोस्तांनी तोंड फिरवलं. परत आला तो सरळ आत जाऊन पडला. "वयनी, मी चुकलो का?" एवढंच. मी डोक्याला तेल लावून दिलं.

२४ एप्रिल
दुपारी जीप आमच्या दारासमोर. आत दादा. उतरला नाही, बोलला नाही. इंजिन चालू ठेवून नुसता बसून. भास्कर आत. मी दारात उभी, हलले नाही.
कमल आली. संदेश आला. जीपकडं पाहिलंही नाही, सरळ ओट्यावर बसले. मग वस्तीतल्या दोघी सूप घेऊन आल्या, तूर पाखडायला लागल्या. सरपंचांची बायको आली. ओट्यावर जागा उरली नाही. आम्ही लग्नाच्या अन् लेकीबाळींच्या गोष्टी करत राहिलो. जीप होती तोवर, अन् गेल्यावरही.
पुन्हा येईल. सगळ्यांनाच माहीत आहे.
कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात. भास्करनं केस मिटवायच्या कागदावर अजून सही केली नाही. कान माझा गेला, म्हणतो, बाकीच्यांनी मिटवायचं कसं ठरवलं. मी जोर करत नाही. कमलही करत नाही.
उठायच्या आधी तिनं घरात तोंड करून हाक मारली, "भास्कर, पानी आन रे बाबू, घसा सुकला."
आतून काही नाही. तिनं पुन्हा हाक मारली नाही, पण उठलीही नाही.
मग आत माठावरचं झाकण वाजलं.