घर कंपनीचं

१० फेब्रुवारी १९५७
बाहेर काढलं! माझा नवरा निजाम गेल्यावर चार महिने दहा दिवस घरात बसले. काल इद्दत, विधवेनं पाळायची मुदत, पुरी झाली, आज माझी ट्रंक ओट्यावर. कमरुद्दीन – माझा धाकटा दीर – म्हणतो, "भाभी, घर कंपनीचं हाय. तुमचं न्हाई, माजंबी न्हाई." राहणार मात्र तो अन् त्याची हाजराबी! गल्लीतले सगळे बघत होते.

११ फेब्रुवारी
अम्माकडे आहे. त्याला रस्त्यावर आणीन. बस.

१५ फेब्रुवारी
वकिलांकडे गेले. तीन वर्षांपूर्वी दोघा भावांनी अन् आळेफाट्याच्या गेणभाऊंनी मिळून कंपनी काढली. भावांनी जुन्नरचं घर अन् वखार घातली, गेणभाऊंनी फाट्यावरची जमीन. बदल्यात शेअर मिळाले. एकूण शंभर. कमरुद्दीनचे पंचेचाळीस, गेणभाऊंचे तीस अन् पंचवीस – माझे! मेहेरपोटी, निकाहात कबूल केलेल्या रकमेच्या बदल्यात, निजामनं माझ्या नावावर लावले होते. मला वाटलं, नुसता कागद.

"मग कंपनी कुणाची?" मी विचारलं.

"सभेत जास्त शेअर ज्याच्या बाजूला, त्याची."

पेठेतून येताना एकटीच हसले. लोक वळून बघायला लागले. बघू देत!

१८ फेब्रुवारी
एस.टी.नं आळेफाटा. गेणभाऊंच्या जमिनीवर आता ट्रकचं गॅरेज आहे. भाडं कमरुद्दीन घेतो. म्हातारा म्हणाला, "माज्याच रानात पाय ठिवाया इचारावं लागतं, भाभी. कारभारी त्यो. आमी निस्ते सहीपुरते."

"मग त्यालाच काढू."

"काढता येतं?"

"तुम्ही अन् मी मिळून पंचावन्न होतो."

म्हाताऱ्यानं मळलेली तंबाखू झटकून टाकली. मग म्हणाला, "सही कुटं करू?"

२७ फेब्रुवारी
सभेची नोटीस गेली. संध्याकाळी हाजराबी मागच्या दारानं आली. "भाभी, हे जेवत न्हाईत." मी म्हटलं, "मग तू जेव." दार लावलं. बरं वाटलं – खोटं कशाला लिहू?

२१ मार्च
झालं! वखारीत सभा. कमरुद्दीन आला तोच हसत, "बायकांची सभा हाय का?" वकिलांनी मतं वाचली. बाजूनं पंचावन्न, विरुद्ध पंचेचाळीस. हसू गेलं. कारभारातून तो बाहेर, मी अन् गेणभाऊ आत. पहिलाच ठराव मी मांडला – घर आठ दिवसांत रिकामं करावं. गेणभाऊ चपापले. "जरा दमानं, भाभी." मी ऐकलं नाही. हात वर करायला लावला.

कमरुद्दीन खाली बघत म्हणाला, "भाभी, एका ताटात जेवलोय आपण."

"कंपनी जेवत नाही, भाई."

घर सोडण्याच्या नोटिशीवर तिथंच सही केली.

२९ मार्च
गेले. एक बैलगाडी सामान. नारायणगावात खोली घेतली म्हणतात. हाजराबी वळून वळून मागं बघत होती. मी ओट्यावरून हललेच नाही. घर दोनदा धुतलं. रमजान तोंडावर आला, नाहीतर आजच शिरखुर्मा केला असता!

९ एप्रिल
घर फार मोठं आहे.

२७ एप्रिल
मगरीबच्या, सूर्यास्ताच्या नमाजाच्या, जरा आधी हाजराबी दारात. एकटी, पायांवर धूळ. कमरुद्दीन मुंबईला गेला. तिला आळेफाट्यावर उभी करून "तिकीट काढून आणतो" म्हणाला, तो आलाच नाही. ती दोन दिवस तिथंच थांबली, मग चालत निघाली. शिव्या देईल असं वाटलं. दिल्या नाहीत. अजान झाली. तिच्यापुढं पाणी ठेवलं, खजूर ठेवला. ती पाणी प्यायली. मग हळूच म्हणाली, "चवथा म्हैना हाय, भाभी. तुमाला सांगायलाच त्या दिशी आल्ते, मागच्या दारानं."