निंबोळीच्या अर्काची बाटली

उधना, सुरत
२४ नोव्हेंबर २०२४

चि. हेमराज यास,
अ. आ. वि. वि.

तुझी बाटली लोटूने दिवाळीच्या आधीच आणून दिली. त्याच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत वासाने पाच पॅसेंजर नाक धरून बसले होते म्हणे. मी म्हटलं, हा आमच्या बाबांचा निंबोळीचा अर्क आहे, याची किंमत तुला काय कळणार! फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण तीस वर्षं यंत्रमागाच्या खात्यात बॉबिन भरून माझे कान गेलेत. योगेंद्र फोन कानाशी धरतो आणि मी नुसती हो हो करते. त्यापेक्षा पत्र बरं, भावाचं अक्षर तरी दिसतं.

गेल्या साली गच्चीवरच्या ट्रेमधली टोमॅटो-वांग्याची रोपं दोन पानांवर आली की सकाळी देठ कुरतडून आडवी पडायची. यंदा मी खात्यातून सुताच्या कोनाच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या, कापून त्यांची कडी केली आणि एकेका रोपाच्या देठाभोवती मातीत रोवली. अळीला देठ सापडेना. वरून साडीच्या नेटचे तुकडे ताणले. पांढऱ्या माशीसाठी डबे पिवळे रंगवून, एरंडेल चोपडून टांगले. योगेंद्र म्हणतो, आईने धाब्यावर साडीचं दुकान थाटलंय.

मावा मात्र नेटमधूनही शिरतो. मग तुझा अर्क काढला, बादलीला एक झाकण. तिसऱ्या दिवशी एक मावा दिसेल तर शपथ! मावाच काय, त्याला खाणारे लाल ठिपकेवाले ढालकिडेही दिसेनात, कुंडीखालच्या मुंग्याही गेल्या. बाबांच्या अर्काने ढालकिडे कधी जात नसत. तू लसूण दाबून घातलेला दिसतोस. हात बाबांपेक्षा तिखट आहे तुझा.

गल्लीतल्या अठ्ठावीस घरांनी रोपं नेलीत. प्रत्येक दारात मी छाती पुढे काढून सांगते की माझा भाऊ शेतात विषाचा थेंब घालत नाही. शेजारच्या धुरपदाबाईंची सून साक्षी, सातवा महिना चालू आहे तिला, पोटात काही ठरत नाही. पण माझ्या ट्रेमधली कोवळी मेथी उभ्या उभ्या खुडून खाते. धुरपदाबाई म्हणाल्या, धुऊन घे गं. मी म्हटलं, फवारलाय तो माझ्या भावाच्या हातचा अर्क आहे, धुवायचं काय त्यात!

मनीषाला आशीर्वाद. अक्काला जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
रंजनाअक्का


बोरखेडे, ता. अमळनेर
१ डिसेंबर २०२४

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इथे कापसाची वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, त्यामुळे लिहायला उशीर झाला. तुझ्या नळ्यांची युक्ती छान आहे.

अर्क उरला असेल तर आता वापरू नकोस, टाकून दे. जुना झाला की गुण देत नाही. आणि फवारल्यावर पंधरा दिवस तरी भाजी कुणाला खायला देऊ नये. बाबाही असंच सांगायचे बहुतेक. साक्षीला धुऊन खायला सांग, तुमच्या उधन्यात गिरण्यांची धूळ फार. माझं नावही दारोदार सांगत फिरू नकोस, नजर लागते.

मनीषा जेवायला हाका मारते आहे, म्हणून आटोपतं घेतो. दाजींना नमस्कार. धाकट्यावर माया असू दे.

तुझा,
हेमराज


उधना, सुरत
१२ डिसेंबर २०२४

चि. हेमराज यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी दुपारी आलं. त्याच सकाळी साक्षीला दवाखान्यात नेलं होतं. उलट्या थांबेनात, तोंडातून लाळ गळत होती, हातपाय थरथरत होते. आता ती बरी आहे म्हणायची, पण अजून उठून बसत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं. धुरपदाबाईंनी सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट केलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळून विचारायला लागले की आदल्या दिवशी मेथीवर कोणतं औषध मारलं होतं. मी भांडले रे त्यांच्याशी! योगेंद्रने तिथूनच तुला फोन लावला, आणि तू निंबोळी-लसणाशिवाय काही नाही असं सांगितलंस, ते त्याने मला लिहून दाखवलं. मी तुझ्या गळ्याची शपथ घेऊन डॉक्टरांना सांगितलं की मेथीचा संबंध नाही. मग त्यांनी तो दिवस बाहेरच्या पाणीपुरीच्या आणि पाण्याच्या तपासण्यांत घालवला. रात्री अंगाची लक्षणं बघून अंदाजाने औषध बदललं, तेव्हा कुठे उतार पडला.

तरी गल्ली माझ्याशी बोलत नाही. धाकट्या पोरी माझ्या दारावरून जाताना पदराआड कुजबुजतात. ज्या धुरपदाबाईंच्या दोन्ही बाळंतपणांत मी रात्ररात्र जागले, त्यांनी काल माझ्या हातचा चहा परत केला. फार लागलं मला ते.

तू एक कर. अर्कात काय काय घातलंस ते तुझ्या अक्षरात लिही, खाली सही कर, आणि स्पीडपोस्टाने पाठव. डॉक्टरांना अजून खात्री हवी आहे, बाळाचं पुढचं औषध त्यावर ठरणार म्हणतात. कागद त्यांच्या हातात ठेवते आणि मग गल्लीची तोंडं बंद करते. उशीर करू नकोस, अक्काची लाज राख.

तुझी,
रंजनाअक्का


बोरखेडे
१६ डिसेंबर २०२४

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

तू मागितलंस त्याप्रमाणे लिहून देतो. मी, हेमराज निंबा बोरसे, बहिणीस पाठवलेल्या अर्कात पुढील वस्तूच घातल्या होत्या: निंबोळ्या, करंजाचा पाला, लसूण, हिरवी मिरची, आंबट ताक, घरच्या गायीचं गोमूत्र. याखेरीज काही नाही.

साक्षीला आराम पडो. तू जिवाला लावून घेऊ नकोस, लोक बोलतच असतात. आमच्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
हेमराज निंबा बोरसे


अमळनेर
१६ डिसेंबर २०२४

ती. रंजनाअक्कांना,
मनीषाचा सा. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. घरात फोन एकच, तो यांच्या खिशात असतो. तालुक्याला दळणाच्या निमित्ताने आले आहे, पोस्टातच बसून लिहिते.

तुमचं पत्र आज वाचलं तेव्हा मला कळलं की दवाखान्यातून फोन आला होता. यांनी सही केलेला कागदही पाहिला. अक्का, घरच्या गायीचं गोमूत्र कुठून येणार? गाय दोन वर्षांपूर्वीच विकली. अर्क तेव्हापासून केलेला नाही. आमच्या शेतात सगळ्यांसारखंच दुकानातलं औषध मारतात. तुम्ही बाटली मागितलीत तेव्हा यांनी कडुनिंबाचा पाला ताकात कुजवला, वास यावा म्हणून, आणि त्यात कपाशीवरचं औषध ओतलं. मी विचारलं तर म्हणाले, अक्का साऱ्या नात्यात माझं नाव काढते, आता कोणत्या तोंडाने सांगू, आणि रोपं तरी जगतील तिची. मला वाटलं होतं तुम्ही फक्त टोमॅटो-वांग्याला माराल, फळ धरायला दोन महिने जातात. हे मेथीचं मला माहीत नव्हतं. तरी मी तेव्हाच बोलायला हवं होतं, माझंही चुकलंच.

औषधाच्या डब्यावरचं लेबल फाडून सोबत ठेवलं आहे, लाल त्रिकोणाचं. डॉक्टरांना लगेच दाखवा. माझ्यावर रागावलात तरी चालेल, पण मुलीचं नीट होऊ द्या.

तुमची,
मनीषा


उधना, सुरत
२३ डिसेंबर २०२४

हेमराज यास,

तुझं आणि मनीषाचं पाकीट एकाच दिवशी, पोस्टमनच्या एकाच हातातून आलं. तुझं आधी फोडलं. वाचून मला इतका आनंद झाला की तो कागद घेऊन मी चपला घातल्या होत्या, धुरपदाबाईंच्या तोंडावर आपटायला. दारातच दुसरं पाकीट फोडलं.

दवाखान्यात गेले ते लेबल घेऊन. डॉक्टर म्हणाले, अंदाज बरोबर होता, पण हे पहिल्या दिवशी मिळायला हवं होतं. साक्षी आता भिंतीला धरून चालते. बाळ पोटात हलतंय, पण जन्म होईपर्यंत खात्री देता येत नाही म्हणाले. तो पहिला दिवस मी घालवला, तुझी शपथ घेऊन. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

गाय विकली हे सांगितलं असतंस तर मी दोन दिवस फुगून बसले असते. औषध मारतोस म्हणाला असतास तर चार शिव्या घातल्या असत्या आणि नळ्या, नेट, एरंडेलावर भागवलं असतं. आठ-दहा रोपं किड्यांनी खाल्ली असती, खाऊ दे की! बाटलीचं मी एक वेळ समजून घेईन, तुला माझ्यासमोर लहान व्हायचं नव्हतं. पण फोनवर पोरगी मरणाशी झुंजतेय हे ऐकूनही तू खोटं बोललास. आणि त्यानंतर सहा दिवसांनी, डोकं थंड असताना, कागद घेऊन बसलास आणि सुवाच्य अक्षरात सहा नावं लिहिलीस. तो कागद मी डॉक्टरांच्या हातात देणार, त्यावर बाळाचं औषध ठरणार, हे मी तुला लिहिलं होतं. तरी तू पूर्ण नावाने सही केलीस, बाबांचं नावही मध्ये घातलंस. तुझ्या हाताला काहीच कसं वाटलं नाही?

अठ्ठावीस घरांत मी पायी गेले. प्रत्येक दारात सांगितलं की माझ्या भावाने मला फसवलं आणि मी तुम्हाला. सगळी रोपं माझ्या हाताने उपटून पोत्यात भरली. काही जणी ओरडल्या, बरं वाटलं. शेवटी धुरपदाबाईंकडे गेले. मला वाटलं त्या हात उगारतील. त्यांनी लेबल हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि एवढंच विचारलं की भाऊ सख्खा ना तुमचा. मी मान हलवली. मग त्यांनी मला पाणी दिलं, आणि मी तिथे बसून पोटभर रडले.

मनीषाला एक शब्द बोललास तर पुढच्या गाडीने येईन. तुमच्या घरात खरं बोलणारी तेवढी एकच आहे.

साक्षीचे दिवस फेब्रुवारीत भरतात. बाळ सुखरूप झालं तरी तू इथे यायचं, नाही झालं तरी यायचं. धुरपदाबाईंच्या दारात उभं राहून बाटलीत काय होतं ते त्यांना तुझ्या तोंडाने सांगायचं. मी शेजारी उभी असेन. मला ऐकू येत नाही हे खरं, पण तुझे ओठ मी तू बोबडा बोलत होतास तेव्हापासून वाचते आहे, तिथे खोटं चालायचं नाही. त्याआधी मला पत्र पाठवू नकोस. तुझं अक्षर आता माझ्याने बघवत नाही.

लोभाची विनंती आज करत नाही.

रंजना