पाचवा डाग

३ फेब्रुवारी, सोमवार

घुमट पुन्हा अडला! पूर्वेकडे आला आणि ठप्प. मी रेटून रेटून घामाघूम. आमचे शिपाईमामा आले, रुळाला कान लावला, मला म्हणाले जरा ढकला, आणि सांगितलं — सातवं चाक. अठ्ठावीस चाकांमधलं सातवं, तेही नुसत्या कानाने! ग्रीस भरलं, खांद्याने एक धक्का दिला, की घुमट गपगुमान फिरला.

कागदावर कॉलेजच्या वेधशाळेची प्रमुख मी. दोन वर्षांपूर्वी फिजिक्सच्या तासांबरोबर हेही गळ्यात पडलं. मामा शिपाई म्हणून लागले त्याला सव्वीस वर्षं झाली. ते नसते तर माझी पळता भुई थोडी झाली असती.

आणि ते अठ्ठावीस तारखेला निवृत्त होतायत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्राचार्यांच्या केबिनबाहेर तासभर ठाण मांडून बसले. शेवटी प्राचार्य कबूल झाले — मामांना एक वर्षाची मुदतवाढ. फक्त अर्जावर मामांची सही हवी, महिनाअखेरच्या आत. नाहीतर वेधशाळेला कुलूप. "तुम्ही एकट्या काय काय सांभाळणार?" खरंच आहे म्हणा. मामा म्हणाले, बघू. त्यांचं 'बघू' म्हणजे होच असतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सव्वादहाची मोजणी चुकवून चालत नाही. ताप असो, रविवार असो. दुर्बिणीच्या तोंडावर काळी काच बसवायची आणि सूर्यावरचे डाग मोजायचे. आधी मामा, मग मी. माझा चष्मा, म्हणून मी डोळा लावते तो आयपीस वेगळा, त्यांचा वेगळा. आपापला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची, टेबलावर दोन्ही एकदम उघडायच्या. दुसऱ्याचा आकडा पाहून आपला बदलायचा नाही. रजिस्टरात काही खोडायचं नाही. आणि मोजण्याआधी आयपीस जागच्या जागी थोडा फिरवायचा — डाग बरोबर फिरला तर ती काचेवरची धूळ, सूर्याचा डाग नव्हे. हे सगळं मामांनी बसवलेलं. दहावी नापास माणूस! मी एवढी शिकले, पण शिस्त शिकले ती यांच्याकडून.

आई म्हणते, घरात मामांशिवाय दुसरा विषय नाही. नाहीच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मामा चार, मी पाच!

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यापेक्षा एक जास्त. अगदी मधोमध, बारीक पण ठळक. मामांनी विचारलं, "आयपीस फिरवलात?" मी म्हटलं, हो. ते स्वतःचा आयपीस लावून परत बघायला गेले. वीस मिनिटं. उतरले आणि रजिस्टरात लिहिलं — चार, पाच.

खरं तर फिरवला नव्हता. तासाची घंटा झाली होती, उशीर होत होता. पण एवढा ठळक डाग! धूळ कसली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ढग.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ढग. मामांनी दुर्बिणीच्या आरशाजवळच्या ओल शोषणाऱ्या पुड्या बदलल्या, पण नेहमीसारख्या मला बोलावून दाखवल्या नाहीत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मामांनी अर्ज परत दिला. कोरा. वर घुमटाची किल्ली. उरलेली रजा उद्यापासून घेतो म्हणाले.

मी भांडले. अक्षरशः भांडले — मला अशी वाऱ्यावर सोडून निघालात? त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हाला दिसला तो डाग मला दिसला नाही. दोनदा पाहिलं तरी नाही. डोळे गेल्यावर माणसानं जागा अडवू नये."

डोळे काय, वयाने जाणारच, अशी स्वतःची समजूत घालत घरी आले. जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ऊन पडलं. एकटीच चढले. चारातले दोन डाग कडेपलीकडे गेलेत, दोन बरेच सरकलेत. पाचवा मात्र जिथल्या तिथे! चार दिवसांत सूर्य फिरला, हा हलला नाही. आयपीस फिरवला. डाग फिरला.

धूळ.

पुसून टाकला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पाच मिनिटं हा विचार केला, लाज वाटते लिहायला. मग अकरा तारखेसमोर लाल शाईने लिहिलं: 'पाचवा डाग म्हणजे धूळ. आयपीस फिरवला नव्हता. विचारल्यावर खोटं सांगितलं.' खाली सही.

संध्याकाळी मामांच्या घरी. दार मामींनी उघडलं. म्हणाल्या, चार दिवस झाले, एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसतात, विचारलं तर चिडतात. मामा मागच्या अंगणात नातीच्या सायकलची साखळी बसवत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. हात फडक्याला पुसले आणि विचारलं, "रजिस्टरात लिहिलंत?"

"लिहिलं. सहीसकट."

"म्हणजे चारच होते."

आवाज इतका बारीक झाला होता त्यांचा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ज आणि किल्ली ओट्यावर ठेवून आले. त्यांनी दोन्हीला हात लावला नाही. 'बघू'सुद्धा म्हणाले नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

दहाला पोहोचले तर घुमट उघडा. टेबलावर अर्ज, सही केलेला.

सव्वादहाला मोजणी. मामा तीन, मी दोन. आयपीस फिरवला, परत पाहिलं.

तीनच आहेत.