हरतालिकेच्या दिवशीची गोळी

माणिक,

पाळणा लांबवायच्या या गोळीत तुझा फायदा असा, की इस्ट्रोजेन नसल्यामुळे सोनूचं दूध आटत नाही आणि इतक्यात दुसरं होत नाही म्हणून तुझी नोकरीही टिकते. पण ही गोळी वेळेची फार पक्की गं. रोज आठलाच हवी. तीन तासांहून जास्त उशीर झाला की भरवसा नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आज हरतालिका. आपल्या सासूबाई पाण्याचा थेंब घेऊ देणार नाहीत. तू मोरीत जाऊन घोटभर पाण्याबरोबर घे आणि चिठ्ठी फाडून टाक. गेल्या वर्षी मी निर्जळी उपास केला, गोळी दुसऱ्या दिवशी घेतली. त्यातूनच आलेल्या छबूला आता पाच रस्त्याच्या दवाखान्यात लस टोचायला नेतेय.

उपास यांच्यासाठी, पुण्य सासूबाईंना, लंगोट मात्र मीच धुतेय.

विमलताई