हौस शिल्लक असतानाच

तोम्स्क, ४ ऑक्टोबर

ती. पापांस ग्लाशाचा शि. सा. न. वि. वि.

तीन वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नका, भांडायला लिहीत नाही. किनेश्मा सोडू नकोस म्हणालात, मी सोडलं, ते झालं. आता एक कोडं सोडवा. मार्चमध्ये प्रांताची स्पर्धा आहे. सोळा किलोची गिर्या, तोच आपला कडीचा लोखंडी गोळा, दहा मिनिटं खाली न टेकवता उचलत राहायची. मी रोज हातपाय गळेपर्यंत उचलते, तरी सातव्या मिनिटाला हात दगा देतो. जास्त केलं की कमी होतं, हे कसं? तुम्ही जन्मभर पोरांना हेच शिकवलंत. रागावला असाल तरी एवढं सांगा.

आपली, ग्लाशा

किनेश्मा, १५ ऑक्टोबर

चि. ग्लाशास अनेक आशीर्वाद.

रोज परीक्षाच देतेस, मग अभ्यास कधी करणार? गिर्या दारापाशी, बुटांजवळ ठेव. चहाचं आधण ठेवलंस की उचल, कामावरून आलीस की उचल. जमतं त्याच्या निम्मंच. धाप लागायच्या आत, हौस शिल्लक असतानाच खाली ठेव. हात डोक्यावर ताठ असताना श्वास घे, विसावा तिथेच आहे. जेवत जा.

तुझा पापा, सावेली

तोम्स्क, १२ जानेवारी

ती. पापांस सा. न.

निम्म्यावर थांबणं उचलण्याहून जड जातं बाई! पण हात आता दुखत नाहीत, आणि का ते मला अजून उमगत नाही. तुम्हाला तरी थांबता कुठे यायचं? आपली भांडणं दोघं आडवी होईस्तोवर चालायची. पत्र मात्र निम्म्यावर थांबवलंत, ते मी चारदा वाचलं. अशीच लहान लहान लिहाल?

आपली, ग्लाशा

किनेश्मा, २ फेब्रुवारी

चि. ग्लाशास आशीर्वाद.

लिहीन. तुझ्या खोलीतली शेगडी पेटवून पाहिली, धूर कोंडत नाही. आज एवढंच.

पापा

तोम्स्क, २० मार्च

ती. पापांस सा. न.

दहा मिनिटं पुरी झाली! आठव्याला हात थरथरला, तेव्हा गिर्या डोक्यावर धरून दोन श्वास घेतले आणि पुढे गेले. नंबर चौथा, पण मला काही वाटत नाही. मे महिन्यात येते. दोनच दिवस राहीन, भांडण लागायच्या आत निघेन. तुमचाच नियम.

आपली, ग्लाशा

किनेश्मा, ३० मार्च

चि. ग्लाशास अनेक आशीर्वाद.

तो नियम लोखंडाचा आहे, लेकीचा नाही. भांडण झालं तर होऊ दे. महिनाभर राहा.

वाट पाहणारा, पापा